फोडाचं वय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वीस-वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेल्या माणसांना नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मी अजूनच सावध असतो. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे. थोडं आडवळणानं सांगीन. सरळ सांगायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते. पण पोचू आपण तिथे.

मी ढोरडॉक्टर होतो. कागदावर 'पशुधन पर्यवेक्षक' — म्हणजे खऱ्या डॉक्टरच्या एक पायरी खाली. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. सगळे मला डॉक्टरच म्हणायचे आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. शहापूर आणि मुरबाड, या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी गेली. ज्या गावची ही गोष्ट त्याचं नाव सांगत नाही. किन्हवलीहून मुरबाडच्या अंगाला निघालात की रस्त्याकडेला भातखाचरं, मागे टेकडी आणि मध्ये साठ-सत्तर घरं अशी बरीच गावं लागतात. त्यातलं कुठलंही एक धरा. तिथे दोन खोल्यांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत मी.

मला एक गोष्ट फार चांगली यायची — फोडाचं वय सांगणं. बढाई वाटेल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लाळ-खुरकूत हा रोग तुम्ही ऐकला असेल. गाय, बैल, म्हैस, शेळी, डुक्कर — ज्याचा म्हणून खूर दुभंगलेला, त्याला तो होतो. जिभेवर, हिरडीवर, खुराच्या वरच्या कडेला फोड उठतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फोड पांढुरका, पाण्यानं टम्म. मग तो फुटतो, कातडीचं लक्तर लोंबतं आणि खालचं मांस लालभडक दिसतं. चार-पाच दिवसांनी त्यावर पिवळट साका धरतो. आठवड्यानं कडा भरायला लागतात, आणि दहाव्या दिवशी पाहाल तर जखम जवळजवळ मिटलेली. गावात रोग शिरला की मी घरोघर जाऊन जबडे उघडायचो, खूर उचलायचो, आणि कोण कितव्या दिवसावर आहे ते खिशातल्या डायरीत तारखेसकट लिहायचो. कशासाठी? तर ज्याची जखम सगळ्यात जुनी, रोग त्याच्या दारातून आला. इतकं ते सोपं आहे. आमचे एक मास्तर म्हणायचे, मालक खोटं बोलेल, फोड बोलणार नाही.

डायरीची सवय लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता यल्लव्वा. ती वडार. तिचा सासरा भातसा धरणावर दगड फोडायला आला होता. धरण बांधून झालं. साहेब लोकांना भातसानगरात क्वार्टर मिळाले, मुंबईला पाणी मिळालं, आणि दगड फोडणारे जागा मिळेल तिकडे पांगले. यल्लव्वा आणि तिचा नवरा हणमंता या गावाच्या खाली, ओढ्यापलीकडे झोपडी घालून राहिले. हणमंता खाणीवर जायचा, डुकरं तिची. लहान-मोठी धरून तीस-पस्तीस असतील. गावाला ती डुकरं नकोही होती आणि हवीही होती. पाणंदीतली घाण तीच साफ करायची, पण दारावरून गेली की लोक काठी घेऊन उठायचे. यल्लव्वा बारीक चणीची, फार न बोलणारी बाई. प्रश्न मात्र विचारायची. आणि एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही. मला तिचा राग यायचा तो याच गोष्टीचा. दिवसभर गाव 'डॉक्टर, डॉक्टर' करत मागे फिरतं, आणि ही डुकरं राखणारी बाई उभी राहून म्हणते, का?

शहाण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर खुरकुतीची लस आली. बर्फाच्या पेटीतून यायची. ती थंडच राहिली पाहिजे; एकदा तापली की मेली, मग तिच्यात आणि पाण्यात फरक नाही. मी बाटल्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि चार दिवस कल्याणला घरी गेलो. रजा न टाकता. गावातली वीज दिवसदिवस जाते हे मला माहीत नव्हतं का? होतं. परत आलो तेव्हा फ्रिजखाली पाण्याचं थारोळं आणि बाटल्या हाताला कोमट.

वर कळवायला हवं होतं. नवी लस आठ-पंधरा दिवसांत आली असती. पण मग कुणीतरी विचारलं असतं, चार दिवस तू होतास कुठे? मी त्याच बाटल्या पिशवीत घातल्या आणि घरोघर निघालो. दोन दिवसांत अख्ख्या गावाच्या गुराढोरांना मी मेलेली लस टोचली. लोक बैलांची वेसण धरून उभे राहायचे, बायाबापड्या चहा पुढे करायच्या. एका म्हातारीनं तर माझ्या हाताला हळद-कुंकू लावलं. मी लावून घेतलं.

त्या वेळी यल्लव्वा दवाखान्यात आली होती. म्हणाली, माझ्या डुकरांनाही टोचा. मी सांगितलं, सरकार डुकरांना टोचत नाही. मग ती भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाली, हे काय लिहिलंय ते तरी वाचून दाखवा. मी वैतागत वाचलं — आजारी जनावर वेगळं बांधा. बाहेरून आलेल्या माणसाचे पाय चुन्याच्या नाहीतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. उष्टं-खरकटं उकळून घाला. रोग दिसताच दवाखान्यात कळवा. तिनं एकेक गोष्ट बोटावर धरली आणि पुन्हा म्हणून दाखवली. ते पोस्टर आठ वर्षं त्या भिंतीवर होतं. ते वाचून दाखवा म्हणणारी तेवढी एकच.

पौषात जनावरांचा बाजार भरला. दामूनाना तिथून एक खिल्लारी बैल घेऊन आले. दामूनाना म्हणजे गावचं मोठं घर. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. चौथ्या दिवशी त्यांनी बोलावणं पाठवलं. गेलो तर बैलाच्या तोंडाला लाळेची तार लागलेली, मागचा पाय झटकत होता. जबडा उघडला. जिभेवर पांढुरका फोड, अजून न फुटलेला. आदल्या दिवशीचा. मी डायरीत लिहिलं.

काय करायला हवं होतं हे तुम्हाला आता माझ्याइतकंच माहीत आहे — पोस्टर मी तुम्हाला वाचून दाखवलंच. बैल वेगळा बांधायचा, तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांना कळवायचं. पण ते आले असते तर पहिला प्रश्न काय विचारला असता? लस टोचली होती ना?

नानांनीच वाट काढली. तिकडे एक जुनी रीत आहे. तिला अडाणीपणा म्हणून हसू नका, तिच्यात अक्कल होती. रोग एका घरातून दुसऱ्या घरात रेंगाळत राहिला तर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुणाचा तरी बैल लंगडत बसणार, आणि त्याचं खाचर पडून राहणार. म्हणून पौष-माघात, कामं नसताना, आजारी बैलाच्या तोंडातली लाळ फडक्यानं टिपायची आणि गावातल्या सगळ्या जनावरांच्या ओठांच्या आतून फिरवायची. सगळ्यांना एकदम होतं, पंधरा दिवसांत एकदम जातं. गावठी काटक जनावर त्यातून उठतं.

"एकदाच सगल्यांना होऊन जाऊं दे डाक्टर," नाना म्हणाले. "वर कळवाया नको न् काय नको. आमचा बापूस पन असाच करायचा."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! सगळं गाव एकदम आजारी पडलं की रोग कुठून आला, कुणाला आधी झाला, लस होती की नव्हती — सगळं एका चिखलात कालवलं जाणार. मी नुसता हो म्हणालो असतो तरी पुरे होतं. नाही, मी ते काम स्वतःच्या हातानं केलं. फडक्याचे बोळे केले, चिमटा घेतला, शास्त्रोक्त. गाव खूश. डॉक्टर असावा तर असा. पिणाऱ्या वासरांचं काळीज हा रोग धरतो आणि ती उभ्या उभ्या मरतात, हे पुस्तकात मी वाचलं होतं. तेवढी वासरं आयांपासून दूर बांधा, एवढं एक वाक्य बोललो असतो तर ती वाचली असती. पण असं काही सांगायला लागलो की लोकांना शंका येते. मी बोललो नाही.

त्याच दुपारी मी यल्लव्वाकडे गेलो. तिची सात नर पिलं खच्ची करायची हे आधीच ठरलेलं होतं. ओढा ओलांडून गेलो तर तिनं आवाराला काट्यांचं कुंपण घातलेलं आणि कवाडात एक बादली ठेवलेली. चुन्याचं पाणी.

"सायेब, बैलांकडनं आलात," ती म्हणाली. "पाय धुवा. हात पन."

पँटवर लाळ वाळून कडक झाली होती. गमबुटांवर शेण. खांद्यावर तीच दोरी, जिनं सकाळपासून जबडे बांधले होते. ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आणि तेच मला सोसलं नाही. माझंच पोस्टर मला वाचून दाखवते? मी बादली पायानं बाजूला सारली. ती कलंडली, पांढरं पाणी ओघळून कुंपणाखालून ओढ्याकडे गेलं. मी आत शिरलो, पिलं धरली, काम केलं आणि निघालो. रिकामी बादली उचलून तिनं उलटी ठेवली, एवढं आठवतं.

दोन दिवसांत गावभर लाळ गळायला लागली. ठरल्याप्रमाणेच. आणि मग वासरं मरायला लागली. नानांच्या गाईचं वासरू दूध पिता पिता पुढच्या पायांवर खाली आलं आणि तिथेच गेलं. गाय त्याला चाटत राहिली. आठवड्याच्या आत चौदा वासरं गेली. फडकं सगळ्यांच्या दारात फिरलं होतं, तेव्हा फडक्याचं नाव काढायचं कुणी? मनुष्यस्वभाव आहे — आपण ज्यात हात घातला त्याचा वास आपल्याला येत नाही.

याच दिवसांत एका सकाळी यल्लव्वा दवाखान्यात आली. आत आली नाही; बाहेरच्या पायरीखाली उभी राहिली. तिनं सांगितलं, पाच पिलं मेली. खच्ची केलेल्या जखमेनं नाही, ती जखम सुकली आहे. मोठी डुकरं लंगडतात आणि खुरांच्या कडेला फोड आहेत, काल-परवाचे. तिनं आजारी डुकरं वेगळी केली होती, कवाडात राख आणि चुना पसरला होता, खरकटं उकळून घालत होती आणि एकही डुक्कर ओढ्याच्या अलीकडे येऊ देत नव्हती. रोग दिसताच दवाखान्यात कळवा, हेही तिनं केलं. सबंध गावात दवाखान्यात येऊन रोगाची वर्दी देणारी ती एकटी. मी जाऊन पाहिलं. फोड पांढुरके, दोन दिवसांचे. येताना वाटेत नानांचा बैल पाहिला — दहावा दिवस, जखम मिटत आलेली. बाकीची गुरं सातव्या-आठव्या दिवसावर. सगळं डायरीत लिहिलं. सवयीनं. हात आपलं काम करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर गाव बसलं. मलाही बोलावलं. ज्याची दोन वासरं गेली होती तो एक जण उठला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला, ज्याला मी दिवाळीपासून भीत होतो.

"डाक्टर, लस टोचली व्हती ना तुमी? मंग रोग आला कसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — विचार करायला वेळही लागला नाही हो. उत्तर जणू तोंडात तयारच होतं. मी म्हणालो, हा बैलांचा रोग नाही. हा डुकरातून आलेला रोग आहे. डुकरातून आलेला रोग लशीला जुमानत नाही. ओढ्यापलीकडे जाऊन बघा, सगळी डुकरं लंगडतायत.

वड्याचं तेल वांग्यावर. एका वाक्यात लस सुटली, नानांचा बैल सुटला, गावाचं फडकं सुटलं, मी सुटलो. ओट्यावरच्या माणसांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्यांनाही हेच हवं होतं.

यल्लव्वा ओट्याच्या खाली, लांब उभी होती. हणमंता तिच्या मागे. तिनं पदर सावरला आणि सावकाश विचारलं:

"सायेब, माज्या डुकरांचे फोड परवा उठले. नानांच्या बैलाची जखम भरत आली. मंग कुनाचं कुनाला लागलं?"

ऐकलंत? मी सांगितलं ना तुम्हाला, मला फोडाचं वय सांगता यायचं. तिलाही यायचं. कुणी शिकवलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून बघत होती, बस्स. सगळे पुन्हा माझ्याकडे वळले. त्या क्षणात मी खरं बोलू शकत होतो. नुसता गप्प राहिलो असतो, तरी दोन-चार डोकी विचार करायला लागली असती. तिथे एक-दोघं हुशार होते.

मी हसलो. म्हणालो, "अगो, डुकरांची डॉक्टरीण कधीपासून झालीस तू? दिवस मोजायला आधी आकडे तर शीक."

गाव हसलं. मोठ्यानं हसलं, वासरं मेल्यापासून पहिल्यांदा. आणि आता ज्यासाठी एवढा वळसा घेतला ते सांगतो — मला ते हसणं आवडलं. भीतीनं खोटं बोललो असं म्हणालो तर ती अर्धीच कबुली होईल. भीती पहिल्या वाक्याला होती. दुसऱ्या वाक्याला नव्हती. दुसरं वाक्य मी मजेनं बोललो. तिचं तोंड उतरताना बघितलं आणि बरं वाटलं. चुन्याची बादली तिनं पुढे केली होती ना, त्याचा तो वचपा होता.

बादलीबद्दल ती तिथे बोलली असती तर? बोलली नाही. तिनं फक्त माझ्या गमबुटांकडे पाहिलं. तिला बहुधा वाटलं असावं की ते मी सांगीन.

गावानं ठरवलं, डुकरं राहता कामा नयेत. आता हे नीट ऐका, कारण इथून पुढचं गावानं नाही, मी केलं. या रोगात डुकरं मारायचा असा कुठलाही हुकूम नव्हता. मोठी डुकरं पंधरा-वीस दिवसांत बरी झाली असती, हे मला पक्कं माहीत होतं. गाव नुसतं ओरडून थांबलं असतं, फार तर तिला महिनाभर ओढ्याच्या अलीकडे येऊ दिलं नसतं. पण मीच म्हणालो, सरकारी नियम आहे. खड्डा खणा.

खड्डा हणमंतानं खणला. डुकरांना हात लावायला गावातलं कुणी तयार होईना. बघायला मात्र सगळे ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बसले होते. तेव्हा मी त्या दोघांना सांगितलं, तुमची तुम्हीच मारा. ती एकेकाला नावानं हाक मारायची. डुकरं यायची, लंगडत यायची, पण यायची. हणमंता कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्याची उलटी बाजू, डोक्यात घालायचा. एक गाभण डुकरीण होती. तिच्या वेळी यल्लव्वानं माझ्याकडे वळून म्हटलं की हिच्या पायाला फोड नाही, हिला ठेवू द्या. मी खूर उचलून पाहिले. खरंच नव्हता. मी म्हणालो, उद्या येईल.

दिवस मावळायच्या आत संपलं. मग मी दवाखान्यातून फिनेलचा कॅन मागवला आणि खड्ड्यात ओतला, वरून चुना. फिनेलची काही गरज नव्हती, चुना पुरे होता. पण मांस तरी राहू द्या, निदान तेवढं नातेवाइकांत जाईल, असं हणमंता हात जोडून म्हणत होता. म्हणून ओतला.

माती लोटून झाल्यावर यल्लव्वा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायेब, कागद द्या," म्हणाली.

कसला कागद?

"सरकारनं मारली ना? मंग सरकारचा कागद असंल."

मी म्हणालो, "मागून येईल."

त्या उन्हाळ्यात त्यांनी झोपडी मोडली. गावानं हाकललं असं म्हणता येणार नाही. विहिरीवर तिला पाणी मिळेनासं झालं, किराणावाला तिच्या हातचं काही घेईना, आणि लोक पोराबाळांना सांगायचे की तिच्या वाटेनं जाऊ नका, रोग आणते. ते शेणव्याच्या बाजूला गेले असं कळलं. पण त्यांच्या आधी ती बातमी तिथे पोचली होती. जनावरवाली माणसं असल्या बाबतीत फार चटकन एकमेकांना कळवतात. तिथे त्यांना डुकरं पाळू दिली नाहीत. मग दोघं खडी क्रशरवर लागले. यल्लव्वा तिथून तीनदा दवाखान्यात आली, येताना अर्धा दिवस, जाताना अर्धा दिवस. कागद आला का? तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तर वर न बघता सांगितलं.

मग माझी मुरबाडच्या बाजूला बदली झाली. मी बदली मागून घेतली होती, हेही सांगून टाकतो. लाळ-खुरकुतीचं काम चांगलं जाणणारा माणूस म्हणून तिकडे माझं नाव झालं. नव्या पोरांना मी फोडाचं वय ओळखायला शिकवायचो. पोरं माना डोलवायची.

सात-आठ वर्षांनी, एका दुपारी, किन्हवलीच्या एसटी स्टँडवर ती भेटली. मी ओळखलं नाही. क्रशरच्या धुळीनं केस, भुवया सगळं राखाडी. तिनं ओळखलं. हणमंता गेल्याचं तिनं एका वाक्यात सांगितलं. छातीत धूळ बसली होती. मला वाटलं आता शिव्या देईल. खरं सांगू, मला ते चाललं असतं. शिव्या खाल्ल्या की हिशोब मिटल्यासारखा वाटतो. तिनं विचारलं:

"तो कागद आला का सायेब?"

मी म्हणालो, एवढ्या वर्षांनी काय करायचाय तो कागद? डुकरं थोडीच परत येणार.

"डुकरांसाठी नाय," ती म्हणाली. "कागदावर तारीख असंल ना? बैलाची पन, माज्या डुकरांची पन. कोनी शिकलेल्यानं वाचली, तर त्याला कळंल, आदी कोन. माजा जावई अजून म्हनतो, तुमी रोगवाली."

एसटी आली. मी चढता चढता म्हणालो, सोमवारी मुरबाडच्या दवाखान्यात ये, बघू.

सोमवारी ती आली. खिडकीतून मला दिसली. फाटकाजवळ थांबून तिनं आधी नळावर पाय धुतले, मग आत आली. मी शिपायाला सांगितलं, साहेब फिरतीवर गेलेत म्हणून सांग. ती बाहेरच्या बाकावर बसली. संध्याकाळची शेवटची गाडी निघायच्या वेळेपर्यंत बसली होती. मी मागच्या खोलीत होतो. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये शहाण्णव-सत्त्याण्णवची डायरी होती. ती मी कधी फेकली नव्हती. तिला हवं होतं ते त्यात माझ्याच अक्षरात, तारखेसकट होतं — नानांचा बैल, दहा दिवस. बाकी गुरं, सात-आठ. यल्लव्वाची डुकरं, दोन. मी ड्रॉवर उघडला, पान काढून वाचलं आणि ड्रॉवर बंद केला. ती गेल्यावर शिपायाला चहा सांगितला.

त्यानंतर ती आली नाही.

यंदा मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करून सगळ्या डायऱ्या घरी आणल्या. बायको म्हणाली, ही रद्दी कशाला आणलीत? मी म्हणालो, बंबाला होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बंब पेटवला. एकेक डायरी घातली. ती एक घालताना थांबलो का? नाही, थांबलो नाही. कागद जुना, कोरडा होता, भुरकन जळला. पाणी चांगलं कढत झालं, आणि मी त्या पाण्यानं अंघोळ केली.